नवा बॉल पायथन (पाळीव, बिनविषारी अजगर) खात नाही म्हणून टेन्शन घेऊ नको
भावा, मोठा साप घरी येऊन आठच दिवस झालेत आणि तू रोज बाहेर काढून बघतोयस, मग खाईल कसा तो? आता दहा दिवस हातच लावू नको, पाणी बदल आणि बास. लपायची जागा अंग चिकटून बसेल एवढीच दे, मोठा खोका नको. गरम बाजू ३१-३२ डिग्री, सांगलीत डिसेंबरात रात्री गारठा पडतो तेव्हा हीट मॅट (खालून ऊब देणारी चटई) लाव पण तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लावूनच. फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून पिशवीसकट गरम पाण्यात ठेव, अंधार पडल्यावर लांब चिमट्यानं दे. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे माझ्या पायथन मादीनं, तीन महिने तोंड फिरवलेलं, शेवटी उंदीर बिळाच्या तोंडाशी ठेवून झोपलो, सकाळी गायब! ते दहा दिवस झाले की दर आठवड्याला वजन कर, घसरतच गेलं तर डॉक्टर. आणि शिराळ्याकडचा नाग-धामण पाळायचा नाद करू नको हां, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.