कोकणात कॅम्पर व्हॅन सारखी बिघडते, विकून टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतलीत, आत पलंग, ओटा, फ्रिज करून घेतलात. गाडी गुहागरला असते आणि दर फेरीला नवं दुखणं निघतं. कधी सेल्फ लागत नाही, कधी पाण्याचा पंप कण्हत चालतो, फ्रिज मध्येच बंद पडतो, मागचे दिवे मिचमिचतात. गॅरेज बदलून झालं, बॅटरी नवी टाकली, आता वहिनींचा धीर सुटलाय.

लगेच विकू नका. तुम्ही दिलेल्या यादीत मला पाच-सहा बिघाड दिसत नाहीत, एकच दिसतो: अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारा जोड. मी देवगडकडचा, अशीच घर केलेली ट्रॅव्हलर वापरतो. आमच्या कणकवलीच्या वायरमनचं निदान दहातल्या आठ वेळा तेच असतं. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, "गाडयेक काय्येक झाला नाय, अर्थ गेलो हा."

गाडीत पॉझिटिव्हची वायर प्रत्येक उपकरणापर्यंत जाते, परतीचा रस्ता मात्र पत्रा आणि चासी. त्या जोडावर खारी हवा बसली की आतून गंज धरतो. बाहेरून बोल्ट घट्टच दिसतो, म्हणून कोणी तिकडे बघत नाही. बॅटरी बदलली की महिना-दोन महिने बरं वाटतं, कारण नवी बॅटरी जोर लावून ढकलते. मग पुन्हा तेच.

हे घरीच तपासता येतं. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि वहिनींना सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या धातूला जोडणारी) खराब. बॅटरीचं कनेक्शन काढा, पट्टीचा बोल्ट सोडवा, पट्टी आणि चासी दोन्ही पॉलिश पेपरने घासा, अगदी चकचकीत धातू दिसेपर्यंत. आधी घट्ट आवळा, व्हॅसलीन नंतर वरून लावा. खाली लावून वर आवळणारे बरेच भेटतात. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. त्याहून बरेच कमी आले तर डायनामोकडे वळा. फ्रिज आणि पंपाचे अर्थही असेच एकेक करून बघा. आतलं काम करणाऱ्या सुताराने ते बहुतेक कुठेतरी पत्र्याला स्क्रू मारून दिलेले असतात.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. लडाखला जाणाऱ्यांचे व्हिडिओ बघून इथली गाडी सांभाळू नका. तिकडे कोरडी थंडी, इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा. आपले गुरू बंदरावर बसलेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा हर्णैला किंवा मिरकरवाड्याला एक चक्कर मारा. होडीवर वायरिंग करणारा माणूस कुठली वायर वापरतो ते बघा: कलई केलेली तांब्याची, जोडावर आतून गोंद असलेली नळी तापवून बसवलेली. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड तो ठेवणारच नाही. गाडीतल्या घराचं वायरिंग पुन्हा करून घ्यायचं झालं तर त्यालाच विचारा. फ्रिजची बॅटरी वेगळी करा आणि मध्ये आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणारा स्विच) टाका, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी सेल्फ लागेल.

आता ज्या गोष्टींना थांबायला वेळ नाही त्या. ब्रेक पेडल मऊ लागलं, टेंपरेचर काटा वर चढला, गॅसचा वास आला: गाडी तिथेच बाजूला घ्यायची, पुढचं गाव येऊ देत म्हणायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, इथल्या दमटपणात ते दोन वर्षांत बदललेलंच बरं. करूळ किंवा आंबा घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा. आणि एकदा जांभ्याच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी घाला, आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ओटा आणि प्लायवूड वेगळं. जास्त भरलं तर ब्रेक, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), क्लचप्लेट सगळं एकाच वेळी कुरकुरायला लागतं, आणि मेकॅनिक मात्र एकेक भाग बदलत राहतो.

धोपावे–दाभोळ फेरीबोटीला शक्यतो ओहोटीला जाऊ नका. उताराला मागची शेपटी घासते आणि सांडपाण्याच्या पाइपाचा नळ आधी तुटतो. खाऱ्या पाण्यातून चाकं गेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. पुळणीवर गाडी न्यायची तर विचारूच नका.

सुट्या भागांचं रडगाणं मी गाणार नाही. ट्रॅव्हलर रुग्णवाहिका आणि शाळेची गाडी म्हणून धावते, त्यामुळे चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा मोठ्या गावांत सामान मिळतं. किनाऱ्यावरच्या लहान गावांत मात्र मिळेलच असं नाही. फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, रेडिएटरचा पाइप, फ्यूज सोबत असू द्या. गणपती आणि शिमग्यात मेकॅनिक शोधूच नका, तो स्वतः पालखीत असतो.

वहिनींसाठी एक नियम आमच्या घरी चालतो. गाडी दुरुस्तीला उघडून ठेवली की ती रात्र खोली घेऊन काढायची. घर उघडं पडलेलं असताना त्याच घरात स्वयंपाक करायला लागणं, चिडचिड खरी तिथून सुरू होते.

विकायचं ठरवण्याआधी एक दिवस गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या. पाटे जिथे चासीला टांगलेत त्या भागावर स्क्रूड्रायव्हर टोचा, हातोडीने हलके ठोका. वरवरचा तांबूस थर असेल तर घासून रंग मारता येतो. पापुद्रे सुटून हातात येत असतील किंवा टोक आत घुसत असेल, तर मात्र विका, आणि घेणाऱ्याला तो भाग दाखवून विका.