गर्वाचं घर खाली. मग कामगारांची घरं?

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी ख्रिस्ती कुटुंबं नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल बोलतात, मुलांच्या मोबाइलबद्दल बोलतात, आणि उठता उठता, चपला पायात सरकवताना, खरा प्रश्न विचारतात. "ताई, मी फार उडत होतो, म्हणून देवानं मला आपटलं का?" नोकरी गेलेला विचारतो, गर्भपात झालेली विचारते, पोरगा बारावीला नापास झालेला बाप विचारतो. देव सार्वभौम आहे, त्याच्या इच्छेवाचून पान हलत नाही, हे शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गापासून, कानावर पडलेलं असतं. मग संकट त्यानंच पाठवलं असणार, आणि पाठवलं तर कारण माझ्यातच असणार. हिशोब अगदी सरळ वाटतो.

एका गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांची टॉवेलची शेड होती. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबले; यांनी स्वतःचे लूम टाकले, वाढवले, पुढे निर्यातीच्या ऑर्डरी धरल्या. कामगार 'मालक' म्हणायचे, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सगळे 'साहेब'. चर्चच्या पंचकमिटीत सेक्रेटरी, नव्या गेटवर वडिलांच्या नावाची फरशी. दरवर्षी उपकारस्तुतीच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभे राहायचे. साक्ष 'प्रभूनं दिलं' अशी सुरू व्हायची आणि तिसऱ्या वाक्याला 'मी'वर यायची. हे मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू फुटलं.

मग एका परदेशी खरेदीदारानं माल उचलून पैसे अडकवले. त्याच सुमाराला सुताचे भाव चढले. बँकेचे हप्ते थकले, लूम भंगाराच्या भावात गेले. शेवटचा लूम ट्रकवर चढला त्या महिन्यात यांना अटॅक आला, स्टेंट बसवला. घरी आल्यावर प्रार्थनेला म्हणून मंडळीतले एक वडीलधारे आले. त्यांनी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडला, नबुखद्नेस्सर राजाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बघा साहेब, गर्वाचं घर खाली. आता तरी प्रभूपुढं वाका."

त्या दिवसापासून यांनी चर्च सोडलं. वहिनींनी जवळजवळ ओढतच माझ्याकडे आणलं.

पहिल्या भेटीत मी दानीएलाबद्दल चकार शब्द काढला नाही. झोप किती, जेवण किती, एवढंच विचारलं. रात्री तीनला जाग येते, मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडतात. जेवणावर वासना नाही. नातवाला कडेवर घ्यावंसं वाटत नाही. "माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं," हे वाक्य तासाभरात कितीदा आलं कोण जाणे. मी सरळ विचारलं, "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" वहिनी दचकल्या. ते म्हणाले, "येतं. रेल्वे लाईनवरनं जाताना येतं." असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट, एकट्यानं वाहिलेलं ओझं जरा खाली टेकतं. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य येणं अगदी सर्रास घडतं, आणि अवास्तव अपराधीपणा हे त्या आजाराचंच एक लक्षण आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस असं चाललं असेल, तर त्याला 'आत्मिक लढाई' म्हणत घरी बसू नका. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळ्या घेतल्यानं विश्वास उणा होत नाही. हृदयाची गोळी घेताना तशी शंका कुणाला येत नाही, मग याच गोळीला का यावी?

गोळ्या लागू पडल्या, झोप सुधारली, आणि मग ते खऱ्या अर्थानं वाद घालायला लागले. मला बरं वाटलं. भांडणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

पाळकसाहेबांनी त्यांना एकदा समजावलं होतं, की आपल्याला कापडाची उलटी बाजू दिसते, गाठी आणि लोंबते धागे. सुलटी नक्षी देवाला दिसते. त्यावर हे म्हणाले होते, "पाळकसाहेब, टॉवेलला दोन्हीकडं लूपच असतात. उलटी बाजू नसतेच." पाळकसाहेब भला माणूस, तेही हसले. दुखणाईताला तयार दृष्टान्त देऊ नये, आणि तो त्याच धंद्यातला असेल तर मुळीच देऊ नये.

मी म्हटलं, आपण तोच चौथा अध्याय परत वाचू, पण सावकाश. राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरतोय, ही थोर बाबेल नगरी मीच माझ्या बळानं बांधली म्हणतोय, शब्द तोंडात असतानाच आकाशवाणी होते, आणि तो माणसांतून हाकलला जाऊन बैलासारखं गवत खातो. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण ही वेळ यायच्या 12 महिने आधी त्याला स्वप्न पडलं होतं, आणि दानीएलानं त्याचा अर्थ उघड, स्पष्ट शब्दांत सांगितला होता. तो सांगायच्या आधी दानीएलाची अवस्था काय होती? तो घाबरून गप्प झाला. महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांवर जावो, म्हणाला. शेवटी विनवलं, की गरिबांवर दया करा, म्हणजे तुमची भरभराट टिकेल. इशारा आधी होता, आणि तो देणारा स्वतःच हादरला होता.

"तुमच्याकडं आलेल्या वडीलधाऱ्यांना कुठलं स्वप्न पडलं होतं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "त्यांना तर बरंच वाटत होतं, ताई. तोंडावर दिसत होतं."

घटना घडून गेल्यावर तिच्यावर देवाच्या नावाची चिठ्ठी चिकटवणं सोपं असतं. बायबलात ईयोब नावाच्या भल्या माणसाची लेकरं, मालमत्ता, तब्येत सगळं जातं, तेव्हा त्याच्या तीन मित्रांनी तेच केलं. त्यांचं सगळ्यात चांगलं काम पहिल्या सात दिवसांचं: जमिनीवर त्याच्याशेजारी बसले, एक शब्द बोलले नाहीत. मग तोंड उघडलं आणि पार घोळ केला. तू काहीतरी केलं असणार, देव उगाच कुणाला मारत नाही. वाचकाला मात्र पहिल्याच अध्यायात कळलेलं असतं की देव स्वतः ईयोबाला सात्त्विक म्हणतोय. शेवटी परमेश्वराचा राग भडकतो तो या मित्रांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची वेळ ईयोबावर येते. ईयोबाला आपल्यावर हे का आलं याचं कारण शेवटच्या पानापर्यंत कुणी सांगत नाही. वावटळीतून देव बोलतो ते पृथ्वीच्या पायाबद्दल, समुद्राच्या दारांबद्दल, शहामृगाबद्दल, पाणघोड्यासारख्या कुठल्याशा अजस्र जनावराबद्दल. माझ्या मते सार्वभौम या शब्दाचा अर्थ तिथे आहे: कारभार त्याचा, आणि त्याची वही आपल्याला वाचायला दिलेली नाही.

आता, शास्त्रात गर्व आणि संकट यांचा संबंध नाहीच असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर खोटं होईल. प्रेषित पौल लिहितो की मी फुगून जाऊ नये म्हणून मला शरीरात काटा दिला गेला. पण तो हे स्वतःबद्दल लिहितो, तो काटा काढ म्हणून तीनदा विनवून झाल्यावर लिहितो, आणि त्याच काट्याला सैतानाचा दूतही म्हणतो. दुसऱ्याच्या काट्यावर त्यानं असं भाष्य केलेलं मला कुठे सापडत नाही.

एवढ्यानं दादांचं समाधान झालं नाही. "तुम्ही मला वाचवायला बघताय," म्हणाले. "मी गर्विष्ठ होतो, हे खरंय ना? मग? माझा गर्व उतरवायलाच देवानं कारखाना बुडवला."

मी विचारलं, "शेडमध्ये माणसं किती होती?"

"दोन्ही पाळ्या धरून तीसेक."

"त्यांचाही गर्व उतरवायचा होता का?"

ते काही बोलेनात. मी पुढे विचारलं, सुताचे भाव तुमच्या एकट्यासाठी चढले होते? शेजारच्या शेडवाल्याचे लूम का गेले? जुनी मिल बंद पडली, लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंग गिरजी बंद पडली. सोलापुरात कितीतरी घरांच्या चुली विझल्या. ती सगळी घरं गावातली सर्वांत गर्विष्ठ घरं होती का? शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा लोकांच्या डोक्यात हाच प्रश्न होता, आणि येशूनं लूकच्या 13 व्या अध्यायात स्पष्ट 'नाही' म्हटलंय.

मग मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, थोडं भीत भीतच. "दादा, तीस घरांची भाकरी, सुताचा बाजार, परदेशातला व्यापारी, हे सगळं देवानं तुम्हाला धडा द्यायला हलवलं असं तुम्ही म्हणता. उपकारस्तुतीच्या साक्षीत तुम्ही मध्यभागी होता. आताही मध्यभागी तुम्हीच आहात."

ते रागावले. उठून गेले. वहिनी मागे थांबून माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. पुढच्या वेळी येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "येशूनं नुसतं नाही म्हटलं नव्हतं. पुढं पश्चात्तापाचं पण आहे. तुम्ही ते गाळलं."

बरोबर होतं त्यांचं. येशू 'नाही' म्हणतो आणि लगेच विचारणाऱ्यांकडेच वळतो: तुम्हीही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचाही नाश होईल. मेलेल्यांच्या पापाचा हिशोब बाजूला राहतो, जिवंत माणसाला आज काय करायचं ते उरतं. आमचं खरं काम तिथून सुरू झालं. 'माझा गर्व' असं हवेत बोलायचं नाही असं ठरवलं. कुणाशी, कुठे, काय केलं, तेवढंच बोलायचं.

पहिलं नाव आलं एका जॉबरचं, म्हणजे लूमवरच्या मुकादमाचं. बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचं रीळ, खराब झाला म्हणून सगळ्या पाळीसमोर त्याला आईवरून शिवी दिली होती, पगार आणि दिवाळीचा बोनस अडकवून हाकललं होतं. तो राहायचा पूर्व भागात. दादा तिथे गेले. दोन खोल्यांचं घर. त्याची बायको दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. सुपात तंबाखू, शेजारी कातरलेल्या तेंदूच्या पानांची चवड. यांना बघून तिनं पदर सारखा केला, पण बोटं थांबली नाहीत. जॉबरनं "मालक, बसा" म्हणून खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. यांनी माफी मागितली. पाठ करून गेले होते, अर्धं विसरले. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "माफीचं राहू द्या मालक. हिशोबाचं काय?"

दादा तणतणत माझ्याकडे आले. "मी वाकून माफी मागायला गेलो, आणि हा पैशाचं काढतोय!" मी त्यांना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढायला सांगितला. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे कधी चर्चमध्ये वाचलं नाही आम्ही," म्हणाले. गर्विष्ठांना देव विरोध करतो हे वचन त्याच पत्रात एक अध्याय आधी आहे, ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ. त्यांनी जॉबरचे पैसे हप्त्यानं फेडले. मग धाकट्या भावाचा विषय निघाला. तो अजून मिटलेला नाही. भाऊ फोन उचलत नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

तुम्ही विचाराल, मग सगळं परत मिळालं का? ईयोबाला दुप्पट मिळालं, हे ऐकवणारे लोक मंडळीत असतातच. मेंढरं दुप्पट मिळाली, हे खरं. गेलेली लेकरं परत आली असं तिथे लिहिलेलं नाही. दादांची शेड गेली ती गेली. ते आता दुसऱ्याच्या कारखान्यात माल तपासायचं काम करतात, महिन्याचा पगार घेतात. सुरुवातीला गेटवर सही करताना हात जड व्हायचा म्हणाले. नैराश्याची गोळी डॉक्टरांनी कमी करत आणली आहे. मनानं बंद करायची नाही, हे मी वहिनींना बजावून ठेवलंय.

त्यांचं आणि माझं एका गोष्टीवर अजून जमत नाही. ते म्हणतात, "ताई, तुम्ही काहीही म्हणा, देवानंच मला खाली आणलं. आणि बरं केलं." मी आता वाद घालत नाही. पौलासारखं स्वतःबद्दल ते म्हणत असतील, तर तो त्यांचा आणि प्रभूचा मामला. फक्त दुसऱ्या कुणाला हे ऐकवू नका, एवढं कबूल करून घेतलंय.

मध्यंतरी मंडळीतल्या एकाचं दुकान बंद पडलं. पंचकमिटीनं दादांना सांगितलं, तुम्ही यातून गेलाय, जाऊन जरा शास्त्र सांगून या. ते गेले, दोन तास बसले. वहिनींनी घरी आल्यावर विचारलं, काय बोललात? तर म्हणाले, "लाईट बिलाचं बोललो. त्याचं तीन महिन्याचं थकलंय. उद्या ऑफिसात जाऊन हप्ते करून मिळतात का बघतो."