बदल झाला, पण स्क्रीनला कळला का?

डॉट नेट माऊई (एकाच कोडमधून अनेक प्रणालींची अ‍ॅप बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) आणि कम्युनिटी टूलकिटची एमव्हीव्हीएम लायब्ररी (स्क्रीन आणि तिच्यामागचा डेटा वेगळे ठेवून जोडण्याच्या पद्धतीसाठीचा तयार कोड) वापरून अँड्रॉइड-आयओएस अ‍ॅप बनवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे.

प्रश्न : सामानाच्या यादीचे अ‍ॅप करतो आहे. ओळीतले 'अधिक' बटण दाबले की डीबगरमध्ये नग ३ चे ४ होतात, पण स्क्रीनवर ३च दिसतात. एकूण रक्कमही हलत नाही. एरर मात्र कुठेच नाही.

उत्तर : आधी ओळीचा क्लास तपासा. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन, म्हणजे ओळी ठेवणारी यादी, स्क्रीनला फक्त ओळ आली, गेली, बदलली किंवा सरकली एवढेच कळवते. ओळीच्या आत काय बदलले, हे ओळीनेच सांगायचे असते. म्हणून त्या क्लासला ऑब्झर्व्हेबलऑब्जेक्टचा वारसा हवा, त्यावर 'पार्शल' हा शब्द हवा (म्हणजे टूलकिटला त्यात आपला कोड जोडता येतो) आणि नगाच्या फील्डवर ऑब्झर्व्हेबलप्रॉपर्टी ही खूण हवी.

हे सगळे असूनही आकडा हलत नसेल, तर बदल कोणत्या नावावर केला ते पाहा. तुम्ही लहान अक्षराने सुरू होणारे फील्ड लिहिता, त्यावरून टूलकिट मोठ्या अक्षराची प्रॉपर्टी तयार करते. स्क्रीनला खबर देणारा कोड त्या प्रॉपर्टीच्या सेटरमध्ये, म्हणजे किंमत बदलताना चालणाऱ्या भागात, असतो. फील्डमध्ये थेट किंमत टाकली की सेटर चालतच नाही. मेमरीत ४, स्क्रीनवर ३. कंपायलर याबद्दल पिवळी वॉर्निंग देतो. ती दाबून टाकू नका. टूलकिटच्या आवृत्ती ८.४ पासून ही खूण पार्शल प्रॉपर्टीवरही लावता येते. शक्य असेल तर तीच पद्धत घ्या, म्हणजे चुकून वापरायला फील्डच उरत नाही.

आता रक्कम. ओळीची रक्कम, म्हणजे नग गुणिले दर, त्याच क्लासमध्ये असेल तर नगावर नोटिफायप्रॉपर्टीचेंज्डफॉर लावून तिचे नाव द्या. पण ही खूण त्या क्लासच्या बाहेर पोचत नाही, आणि यादीची एकूण रक्कम असते व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे पानामागचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये. तेव्हा 'अधिक'च्या कमांडमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) नग वाढवल्यावर लगेच एकूण रकमेसाठी ऑनप्रॉपर्टीचेंज्ड स्वतः बोलवा. बहुतेक ठिकाणी हीच एक ओळ राहून गेलेली असते.

एरर दिसली नाही, कारण चुकलेले बाइंडिंग, म्हणजे स्क्रीन आणि डेटाची जोडणी, अ‍ॅप पाडत नाही. झॅमलमध्ये, म्हणजे पानाची मांडणी लिहायच्या भाषेत, एक्स-डेटाटाइप लिहून पानाचा व्ह्यूमॉडेल कोणता ते सांगा. मग प्रॉपर्टीचे नाव चुकले तर बिल्डच्या वेळीच कळते. ही सवय पहिल्या पानापासून लावावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : नाव भरले तरी 'सेव्ह' बटण करडेच राहते. आणि ते चालू केले की दोनदा टॅप होऊन नोंद दोनदा जाते.

उत्तर : बटण चालू ठेवायचे की नाही हे ठरवणारी कॅनएक्झिक्यूटची अट आपोआप पुन्हा तपासली जात नाही. नावाच्या फील्डवर नोटिफायकॅनएक्झिक्यूटचेंज्डफॉर लावा आणि त्यात सेव्हकमांडचे नाव द्या. मेथड सेव्हअसिंक असली तरी कमांड सेव्हकमांडच असते, शेवटचे 'असिंक' गळते.

दुहेरी नोंदीचे कारण बहुधा 'असिंक व्हॉइड', म्हणजे वेळ घेणारी पण काहीच परत न देणारी मेथड, असावे. मेथडने टास्क (काम संपल्याचे सांगू शकणारी वस्तू) परत केला तर टूलकिट असिंकरिलेकमांड बनवते, आणि पहिले काम संपेपर्यंत बटण बंद राहते. व्हॉइड असेल तर साधी कमांड बनते, तिला काम कधी संपले हे कळतच नाही.

प्रश्न : झामरिन फॉर्म्सवरचे (माऊईच्या आधीचे साधन) फ्रेशएमव्हीव्हीएम या लायब्ररीचे जुने अ‍ॅप माऊईवर हलवायचे आहे. सगळे नव्याने लिहावे लागेल का?

उत्तर : नाही. झामरिनचा अधिकृत सपोर्ट १ मे २०२४ ला संपला, त्यामुळे हलवा नक्की. पण पेजमॉडेलमधला (फ्रेशमधले व्ह्यूमॉडेल) हिशेबाचा कोड बराचसा तसाच राहतो. बदलते ते नेव्हिगेशन, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे. फ्रेशमध्ये नावांवरून पेज आणि पेजमॉडेलची जोडी आपोआप लागायची. इथे दोघांची नोंद माऊईप्रोग्रॅम या अ‍ॅप सुरू करणाऱ्या क्लासमध्ये अ‍ॅडट्रान्झिएंटने करा, पेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये व्ह्यूमॉडेल घ्या आणि बाइंडिंगकॉन्टेक्स्टला द्या. हे शेवटचे विसरले की पेज उघडते, पण त्यात डेटा नसतो.

फ्रेशमध्ये पान उघडताना डेटा घेणाऱ्या इनिटचे काम इथे अप्लायक्वेरीअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये येते. तिथे एक खाच आहे : शेलला (माऊईची नेव्हिगेशन व्यवस्था) साध्या डिक्शनरीतून दिलेला डेटा त्या पेजवर परत आल्यावर पुन्हा लागू होतो आणि वापरणाऱ्याने केलेले बदल पुसले जातात. त्याऐवजी शेलनेव्हिगेशनक्वेरीपॅरामीटर्स वापरा, तो डेटा एकदाच लागू होतो.