फुलोऱ्याचं घड्याळ आणि जस्ताची फवारणी

प्रश्न : एका टॉनिकच्या पत्रकात छापलंय की त्यातलं जस्त झाडाची 'झिंक फिंगर' जनुकं जागी करतं आणि भात आठ-दहा दिवस आधी निसवतं (लोंब्या बाहेर टाकतं). फवारावं का? दुसरं, गरवं (उशिरा तयार होणारं) भात तीन आठवडे उशिरा लावलं, तरी वेळेवर लावलेल्याबरोबरच निसवलं. असं का?

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच आहे, म्हणून आधी झिंक फिंगर म्हणजे काय ते सांगतो, मग दुसरा प्रश्न घेतो आणि शेवटी टॉनिक.

झिंक फिंगर हे नाव पत्रकवाल्याच्या डोक्यातून आलेलं नाही. काही प्रथिनांच्या साखळीचा एक भाग जस्ताच्या अणूभोवती वळून बोटासारखी घट्ट घडी करतो. कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, हे ठरवणाऱ्या प्रथिनांत अशी बोटं बरीच आढळतात. फुलझाडांत त्यांची अनेक घराणी आहेत, त्यांतलं एक बी-बॉक्स. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात त्याची ३२ जनुकं आहेत, भातात ३०. यातलं फुलोऱ्याची वेळ ठरवणारं 'कॉन्स्टन्स' हे अरॅबिडॉप्सिसचं जनुक १९९५ मध्ये हाती लागलं आणि भातातलं त्याचं भावंड 'एचडी-१' २००० मध्ये. (या घराण्याची बोटं डीएनएपेक्षा इतर प्रथिनांनाच जास्त धरतात, डीएनएचं काम साखळीचं दुसरं टोक बघतं.)

एचडी-१ पानात काम करतं. दिवस मोठा असेपर्यंत ते फुलोरा रोखून धरतं आणि दिवस लहान झाला की तेच फुलोऱ्याला वाट करून देतं. मग पानात दुसरं एक प्रथिन तयार होतं, अन्नरसातून शेंड्याला पोचतं आणि तिथे लोंबीची घडण सुरू होते. थोडक्यात, कोवळेपण सरलं की गरवं भात स्वतःचं वय बघत नाही, रात्रीची लांबी बघतं. रस्त्याच्या दिव्याखालचा पट्टा कधी पाहिलाय? बाकी शेत निसवलं तरी तो हिरवाच राहतो, कारण त्याला पुरती रात्र मिळालेलीच नसते.

तुमच्या उशिरा लावलेल्या भाताला वाढीचे तीन आठवडे कमी मिळाले, म्हणजे फुटवेही कमी. पुढच्या वेळी उशीर झालाच, तर अंतर कमी करून चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) एक-दोन रोपं जास्त लावा, नाहीतर सरळ हळवं (लवकर तयार होणारं) वाण घ्या.

आता टॉनिक. जस्त हा त्या घडीतला खिळा आहे. जास्त खिळे ठोकले म्हणून दार लवकर उघडत नाही. मात्र जमिनीत जस्तच कमी असेल, तर भात खुंटतं आणि उशिरा पक्व होतं. तिथे जस्त दिल्यावर हा उशीर भरून निघतो, आणि 'आमचं लवकर निसवलं' म्हणणारे शेतकरी बहुधा अशाच जमिनीतले असतात. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आणि चट्टे दिसले, रोप बुटकं राहिलं, तर शंका घ्या. माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली आलं, तर चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट (२१ टक्के जस्ताचं) द्या. स्फुरदयुक्त खतात मिसळू नका. उभ्या पिकात १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घालून फवारा. जस्त पुरेसं असेल, तर ही फवारणीही नको आणि टॉनिकही नको.