डेमोचा कोड पंपात जाईल का?

प्रश्न : महाप्याच्या एका छोट्या कंपनीत मी सिरिंज पंपाचं (मोटरने सिरिंज हळूहळू दाबून रुग्णाला औषध देणाऱ्या यंत्राचं) सॉफ्टवेअर लिहिते. महिनाभरात नमुना करून डॉक्टरांना दाखवायचाय. साहेब म्हणतात, 'चालला की तोच कोड पुढे नेऊ, कागदपत्रं मागाहून.' असं चालतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नमुना महिन्यात जरूर करा. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकाला टप्प्याटप्प्याने, बदलत बदलत केलेलं काम चालतं. पण डोस चुकला तर माणूस दगावू शकतो, म्हणून तो भाग 'सी' या सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतो. तिथे तपशीलवार डिझाइन आणि त्याची पडताळणी लागतेच. मागाहून केलेली कागदपत्रं म्हणजे वरातीमागून घोडं.

साहेबांना थेरॅक-२५ ची हकिगत सांगा. १९८५ ते ८७ मध्ये या रेडिएशन यंत्राने सहा रुग्णांना बेसुमार डोस दिला. जुन्या यंत्रांचा कोड त्यात पुढे आणला होता. थेरॅक-२० या जुन्या यंत्रात त्यातली चूक हार्डवेअरच्या इंटरलॉकमुळे, म्हणजे धोका दिसला की यंत्र अडवणाऱ्या सुरक्षा-कुलपामुळे, झाकली जायची. नव्या यंत्रात ते इंटरलॉकच काढून टाकले होते.

मग नमुना कशासाठी? चुका बघायला. टॅबलेटवर नुसता स्क्रीन आणि कळा करा, ठाण्यातल्या ओळखीच्या हॉस्पिटलात परवानगी काढून रात्रपाळीच्या सिस्टरांच्या हाती द्या, ग्लोव्ह्ज घालायला सांगा आणि गप्प उभ्या राहा. (हे इंजिनियरला फार जड जातं.) ताशी ५.० मिली टाकताना टिंब निसटून ५० होतात का? अलार्म वाजला की बोट आधी कुठे जातं? कळ एकदा दाबून आकडा दोनदा उमटतो का? हा शेवटचा दोष अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) खऱ्याखुऱ्या पंपांत नोंदवलाय. जे दिसेल ते त्याच संध्याकाळी आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम-मानकाप्रमाणे ठेवलेल्या जोखीम-नोंदीत चढवा. महिन्याची खरी कमाई ती नोंद. डेमोचा कोड खुशाल टाकून द्या.

डोसचं गणित आणि मोटर स्क्रीनपासून वेगळी ठेवा, नव्याने लिहा. मोटर खरंच किती फिरली हे दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला (स्वतंत्र छोट्या संगणक-चिपला) तपासू द्या. स्क्रीन वेगळा झाला म्हणून त्याला 'ए' या बिनधोक वर्गात ढकलू नका हं; डोसचा आकडा तिथूनच आत जातो.

आणि नमुना डॉक्टरांकडे ठेवून येऊ नका. आवडला की 'राहू दे इथेच' म्हणतात. वागळे इस्टेटमध्ये आम्ही डेमोच्या डब्यात मोटरच बसवत नसू.