तांबडा रस्सा सोडला, तरी मुरूम परत परत का येतात?

तुम्ही लिहिलंय, वय २४, मटण-रस्सा बंद, दिवसातून चार वेळा फेसवॉश, तरी कपाळ आणि हनुवटीवर मुरूम उठतातच. मी फार्मसिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल चालवते. हा प्रश्न काउंटरवर रोज ऐकते.

रस्सा खुशाल खा. तिखटानं मुरूम येतात याला ठोस आधार नाही. साखर, मैदा, दूध आणि व्हे पावडर यांचा काही जणांना त्रास होतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिऊन वर जिमची पावडर घेणाऱ्या पोरांना मी आधी पावडर थांबवायला सांगते.

मुरूम दिसायच्या कित्येक आठवडे आधी आत तयार होत असतो. अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात, मग सूज आणि पू. म्हणून नुसत्या फोडावर टिपका लावून भागत नाही. अॅडापॅलिनसारखं जेल रात्री त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं, तेही किमान ८ ते १२ आठवडे. (गरोदरपणात मात्र नाही.) बहुतेक जण चेहरा जरा साफ झाला की सोडतात, आणि तिथंच मुरूम परततात. फेसवॉश दोनदा पुरे. जास्त धुतलं तर त्वचा चिडते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोरं करणाऱ्या क्रीमची. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आणलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलंय का, आजच बघा. ही स्टेरॉइडं आहेत. चार दिवसांत चेहरा उजळतो, थांबवलं की फोड दुपटीनं येतात, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब मागते. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही असा नियम आहे, आणि मी देत नाही. बरेच महिने लावली असेल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

कपाळावरचे फोड केसांच्या तेलानंही येतात, हनुवटीवरचे हेल्मेटच्या पट्ट्यानंही. पण पाळी पुढं-मागं होत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) तपासणी करून घ्या. ते असेल तर नुसत्या क्रीमनं भागणार नाही.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा.