निफाडजवळ मळ्यात राहतो, परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. रात्री घरात वापरायची वेळ आलीच तर कानांसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यावा की प्लग?

इअरमफच घ्या: कान पूर्ण झाकणारा, बारीक आवाज ऐकवायला दोन्ही बाजूंना वेगळा माइक असलेला आणि एनआरआर (आवाज किती अडतो त्याचा पाकिटावरचा आकडा) २२ किंवा त्याहून जास्त असलेला. मी रेंजवर नवशिक्यांना शिकवतो. दिवसाउजेडीही अनेकांना प्लग नीट बसवता येत नाही, मग झोपेतून उठून अंधारात कुठून जमणार? मफ एका हाताने चढतो. बारा बोअरचा बार १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या पुढचा एकच आवाज कान कायमचा अधू करू शकतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज आणखी भर घालतो. दोन माइक अशासाठी की कुत्रं ओट्याकडे भुंकतंय की द्राक्षबागेकडे, ते कळतं. चष्मा असेल तर तो लावूनच मफ घालून बघा. काडीमुळे मफची गादी जराशी जरी उचलली गेली तरी तिथूनच आवाज आत शिरतो. सेल संपले तरी मफ बंदुकीचा आवाज अडवतोच, फक्त बारीक आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून जास्तीचे सेल टॉर्चजवळ ठेवा. गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मात्र अजिबात नकोत, ते बंदुकीच्या आवाजासाठी बनवलेलेच नसतात.

एक अट आहे. मफ शोधण्यात वेळ घालवू नका. आधी घरच्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ११२ ला फोन करा. बाहेर बिबट्या असेल तर बंदुकीला हातच लावू नका, वनखात्याचा १९२६ लावा.